जांभळं छप्पर

सायकलच्या रुग्णगाडीचं छप्पर फाटलं, तेव्हा ती गाडी चालवणाऱ्या संस्थेच्या एनिफानं गावातल्या बायांना सांगितलं, तुम्हीच काहीतरी शिवा. बायांनी शिवलं, आणि काय शिवलं! दुहेरी टाका, चारी कोपऱ्यांना नाडी. फक्त कापड होतं जांभळ्या पक्षाच्या सभेत वाटलेलं. त्यावर ओळीनं पुढाऱ्याचे हसरे चेहरे. आणि मतदान तोंडावर आलेलं.

"अगं, पक्षाचं कापड?" एनिफानं डोक्याला हात लावला.

"फुकटचं आहे, ताई. रंगही जात नाही," शिवणारी अभिमानानं म्हणाली.

तिचं तरी काय चुकलं? सभा कुणाचीही असो, बाया जातात, कापड आणतात, कमरेला गुंडाळतात, त्यातच पोर पाठीला बांधतात. मत कुणाला द्यायचं ते मनात ठेवतात. पण एनिफाच्या संस्थेला मन कुठलं? संस्थेनं कुठल्याच रंगाचं असायचं नाही, हा पहिला नियम. आज-उद्या बदलू म्हणता म्हणता आठवडा गेला.

आणि एके दिवशी सकाळीच गाडी चालवणारा लिम्बानी धापा टाकत आला. "ताई, नदीपलीकडे चला. डोरिकाला कळा लागल्यात, पायांना ही सूज, आणि तिची सासू गाडीत बसू देत नाहीये!"

नदीपलीकडचं गाव पांढऱ्या पक्षाचं. डोरिकाची सासू नासिबेको झोपडीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"मावशी, पहिलटकरीण आहे ती. दवाखान्यात न्यायलाच हवी."

"न्या ना! मी कुठं नको म्हणते? पण त्या थोबाडांखाली माझी सून झोपायची नाही. अख्खं गाव थुंकेल माझ्यावर."

"अहो, छप्पर आहे ते!"

"मग दुसरं घाला."

आत डोरिका कण्हली. एनिफा अंगणाबाहेर गेली, परत आली, पुन्हा बाहेर गेली. शेवटी तिनं संस्थेच्या जिल्हा ऑफिसात मवाले साहेबांना फोन लावला.

"हात लावू नकोस त्या कापडाला," साहेब कुजबुजले. "आपला परवाना अडवून बसलाय ना तो जांभळ्यांचा चेअरमन, त्यानं काल गाडी पाहिली. वर्षात पहिल्यांदा हसला माझ्याकडे बघून! कापड काढलंस तर संपलं सगळं."

"आणि बाई गेली तर?"

"समजाव तिच्या सासूला."

"समजावून झालं, साहेब."

"मग अजून समजाव!"

एनिफाचं डोकंच फिरलं. शहरात पंख्याखाली बसून समजाव म्हणायला काय जातंय! तिनं चुलीपाशी पडलेली सुरी उचलली, गाडीपाशी गेली आणि नाड्या कापल्या. दुहेरी टाका कसला निघतोय? तिनं दातओठ खाऊन कापड ओढलं. ते एका चेहऱ्याच्या मधोमध टर्रकन फाटलं. कुंपणापलीकडे पांढऱ्या पक्षाच्या पोरांची टोळी उभी होतीच. "फाडला रे फाडला!" म्हणत त्यांनी आरोळ्या ठोकल्या, आणि दोघा-तिघांनी मोबाइल वर धरले.

"बंद करा ते!" एनिफा ओरडली. कोण ऐकतंय!

उन्हातून सायकल निघाली. लिम्बानी पुढे पेडल मारतोय, मागच्या गाडीत डोरिका, आणि तिच्यावर ओढणी धरून सासू शेजारून धावतेय.

दवाखान्याच्या ओट्यावर एनिफाला बसवेना. फोन वाजला.

"बघितलं चेअरमननं," मवाले साहेबांचा आवाज पार बसला होता. "सगळ्या जिल्ह्यानं बघितलं. सायकल आणून जमा कर. मतदान होईपर्यंत गाडी बंद, पुढचं पुढे."

"साहेब, पोटुश्या बायका मतदानासाठी थांबतात का?"

फोन कट झाला होता.

तेवढ्यात आतून बाळाचा आवाज आला. पाठोपाठ नासिबेको आनंदानं ओरडत, दोन्ही हात हलवत बाहेर आली आणि तिनं एनिफाला मिठीच मारली.

"नातू! दोघंही बरी आहेत! देव भलं करो तुमच्या गाडीचं. बरं, ऐका, धाकटीचेही दिवस भरलेत, पुढच्या आठवड्यात कधीही. हीच गाडी पाठवा हं."

एनिफाला थाप मारता आली असती. मारवली नाही.

"गाडी नाही येणार, मावशी. आजपासून बंद झाली."

"बंद? का म्हणून?"

"कापड फाडलं म्हणून."

नासिबेकोचे हात खाली आले. ती चिडूनच म्हणाली, "अगं बाई, मग तेव्हाच सांगायचं ना! बसली असती की माझी सून त्याच्याखाली."