अक्कलदाढ सुनेची, आळ माझ्यावर

मित्रांनो, मी एक म्हातारी मांजरी आहे. पनवेलच्या मोहल्ल्यात, एका दुमजली घराच्या जिन्याखाली माझं बस्तान आहे. माझं नाव शक्कू. शकुंतलेशी त्याचा काही संबंध नाही, ते माझ्या शक्की स्वभावावरून पडलेलं आहे. समोर दूध ठेवलं, तरी मी आधी ठेवणाऱ्याकडे बघते, मग दाराकडे बघते आणि मग दुधाकडे. याला कोणी खोड म्हणतं. मी म्हणते, या खोडीनेच मला इतकी वर्षं जगवलं.

माझा जन्म जासईजवळ, कंटेनरच्या यार्डात झाला. लाकडी फळ्यांच्या ढिगाखाली आईने आम्हाला ठेवलं होतं. डोक्यावरून सारखे ते अवाढव्य लोखंडी डबे जात. एका सकाळी आई खाणं शोधायला गेली, ती आलीच नाही. भावंडं भुकेने बाहेर पडली आणि ट्रकच्या आवाजाकडे गेली. मला त्या आवाजाचा संशय आला. मी गेले नाही, म्हणून उरले.

त्या यार्डाच्या ऑफिसात शाहीद नावाचा तरुण कामाला होता. त्याने मला जेवणाच्या पिशवीत घालून पनवेलला आणलं. घरी त्याचे वडील नझीर आणि आई सायरा. नझीरअब्बा बरीच वर्षं कुवेतला राहून परतले होते आणि घराच्या खालच्या गाळ्यात त्यांनी तांदळाचं दुकान टाकलं होतं. माझं नाव त्यांनीच ठेवलं. "ही कोणावर भरवसा ठेवत नाही," ते म्हणाले, "दुकानाला अशीच राखणदार पाहिजे."

मित्रांनो, ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. पोत्यांच्या थप्पीवर मी बसत असे आणि खाली जरा खुसपुस झाली की झेप घेत असे. गिऱ्हाइकांसमोर अब्बा पोतं उलटसुलट करून दाखवत. "बघा, एक भोक नाही. शक्कूची मेहेरबानी!" संध्याकाळी ते मला बांगड्याचं डोकं देत. तेवढ्यापुरता माझा संशय मी बाजूला ठेवत असे.

पुढे अब्बांना साखरेचा आजार जडला. डाव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली, ती काही केल्या भरेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गोड बंद करा, नाहीतर अंगठा काढावा लागेल. दुकान भाड्याने दिलं गेलं, तिथे मोबाईलचं दुकान आलं. मोबाईल उंदीर खात नाहीत. अब्बा वरच्या खिडकीत बसू लागले, मी जिन्याखाली. आम्ही दोघंही एकदमच बिनकामाचे झालो. मला बांगड्याचं डोकं द्यायचंही मग कोणाच्या लक्षात राहीना.

अशात शाहीदचं लग्न झालं. उरणहून माहनूर सून होऊन आली. मला बघताच तिने पाय खुर्चीवर घेतले. मांजरांना ती घाबरत असे. मी मात्र समजले, हिला मी घरात नको आहे. ती खोलीत आली की मी पलंगाखाली जाई आणि तिथून तिच्या पावलांवर नजर ठेवी.

काही महिन्यांनी तिची अक्कलदाढ दुखू लागली. दाढ आडवी आली होती, दुसऱ्या दाढेला रेटत होती. एका सकाळी शाहीद तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. दुपारी ती परतली, तेव्हा गालावर रुमाल होता आणि तिला रक्ताचा आणि औषधाचा वास येत होता. ती एक शब्द बोलत नव्हती. डोळे तेवढे पाण्याने भरले होते.

माझ्या मनात पाल चुकचुकली. यार्डात मी माणसांच्या मारामाऱ्या पाहिल्या होत्या. हिला कोणी मारलं? शाहीदने? मी शाहीदचे हात हुंगले. त्यांना फक्त पेट्रोलचा वास होता. मग सायराअम्मींनी टॉवेलात बर्फ गुंडाळून सुनेच्या गालाला लावला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बोलू नकोस बेटा. थुंकायचं पण नाही. कापूस तसाच दाबून धर." तेव्हा कुठे मला कळलं, की दाढ काढून आणली आहे. तरी मी शाहीदवर थोडी नजर ठेवलीच.

दुसऱ्या दिवशी माहनूरचा गाल पावासारखा फुगला. जबडा इतका आखडला, की तोंडात जेमतेम एक बोट जाईल. चावणं बंद, गरम बंद. मग अम्मींनी स्वयंपाकघरात थंड आणि मऊ पदार्थांचा सपाटाच लावला. पातळ शेवयांची खीर, कस्टर्ड, व्हॅनिला आईस्क्रीम. साखरेच्या आजारापासून त्या घरात गोड शिजलंच नव्हतं. आता फ्रिज उघडला की वेलचीचा वास जिन्यापर्यंत येई.

आणि खीर कमी होऊ लागली.

आधी अम्मींना वाटलं, सून खाते आहे. त्या खूश झाल्या. "संपवलीस? आणखी देऊ?" माहनूर मान हलवून नाही म्हणे. अम्मींना वाटे, लाजते आहे. पण आईस्क्रीमचा डबा फ्रिजमध्ये बघता बघता अर्धा झाला, तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी आली. त्या शाहीदला म्हणाल्या, "कोणीतरी खातंय." शाहीद म्हणाला, "मी नाही, कसम!" मग त्या दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, मांजराला फ्रिज उघडता येत नाही. हे त्यांनाही ठाऊक होतं. पण संशय एकदा घरात शिरला की तो आधी अशाच्या अंगावर बसतो, ज्याला उलट उत्तर देता येत नाही.

मला मात्र खरा खाणारा माहीत होता. दुपारी अम्मी नमाज पढून जरा आडव्या झाल्या, की वरच्या खिडकीतली खुर्ची करकरे. लंगडत पावलं येत. एक पाऊल जड, एक हलकं. ती पावलं मी झोपेतही ओळखते. नझीरअब्बा!

त्या दुपारीही ते आले. माहनूर पलंगावर डोळे मिटून पडली होती. शेजारच्या स्टुलावर तिच्यासाठी कस्टर्डची वाटी झाकून ठेवलेली होती. अब्बांनी झाकण काढलं आणि उभ्याउभ्याच घाईघाईने खाऊ लागले. मी पलंगाखालून त्यांचा अंगठा बघत होते. पट्टीखाली तो काळपट दिसत होता. इतक्यात बाहेर अम्मींच्या बांगड्या वाजल्या. अब्बा दचकले. वाटी हातातून निसटली, कस्टर्ड फरशीवर सांडलं. माहनूरने डोळे उघडले. अब्बांनी तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

कस्टर्ड वाहत माझ्या नाकापर्यंत आलं होतं. मी चाटलं. नेमक्या तेव्हा अम्मी आत आल्या.

"तोबा तोबा! म्हणजे हीच चोरटी!" त्यांनी चप्पल उचलली. "आजारी पोरीच्या तोंडचा घास पळवते!"

माहनूर उठून बसली. तिने हात हलवला, "अं... अं..." करू लागली. अम्मींना वाटलं, ती मांजरीला घाबरली. "बोलू नकोस गं, टाके तुटतील. मी बघते हिच्याकडे." माहनूरने अब्बांकडे पाहिलं. अब्बा खिडकीतून रस्ता बघत होते. घरात येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. नव्या सुनेने सासऱ्यांकडे बोट कसं दाखवायचं? तिचा हात हळूहळू खाली आला.

मी पलंगाखाली गेले आणि मनात म्हटलं, दोघंही एकमेकांना सामील आहेत.

सकाळी गुणाबाई मासळीची पाटी घेऊन आली. ती कोळीण, अम्मींची जुनी ओळखीची. अम्मींनी तिला सगळी हकिकत सांगितली.

"आवो भाबी, एकदा चटक लागली का ती सुटत नाय," गुणाबाई म्हणाली. "गोनीत घाला नी आपटा गावाला नदीपल्याड सोरा. नदी वलांडली का मांजर परत येत नाय."

"एवढ्या वर्षांची आहे गं ती," अम्मी म्हणाल्या.

"मंग काय, तुमची सून उपाशी ठेवता का?"

अम्मींनी शाहीदला हाक मारली. त्याला सुट्टी होती. दुपारी तो मला मोटरसायकलवरून पाताळगंगेपलीकडे सोडणार, असं ठरलं. अब्बा तिथेच बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. बांगड्याची डोकी देणारे, माझं नाव ठेवणारे अब्बा! त्यांनी पेपर वर धरला.

जेवणानंतर अब्बा माहनूरच्या खोलीत आले. दार लोटून घेतलं आणि स्टुलावर बसले.

"बेटा," ते हलकेच म्हणाले, "मला माहीत आहे, तू पाहिलंस. काय करू? किती दिवस जीभ कोरडी पडली होती. सायराला कळलं तर ती रडून घर डोक्यावर घेईल. शक्कूचं काय, मांजर आहे. कुठेही जगेल. तू बोलू नकोस."

माहनूरने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तिची नजर खाली त्यांच्या पायाकडे गेली. पट्टीतून ओल आली होती. तिने हाताने अंगठा दाखवला आणि प्रश्नार्थक मान हलवली. अब्बांनी पाय झटकन मागे घेतला. "काही नाही. भरत आलाय," ते म्हणाले आणि उठून गेले.

मी त्या पट्टीचा वास घेतला होता. अंगठा भरत आलेला नव्हता.

थोड्या वेळाने शाहीद गोणपाट घेऊन आला. मी कपाटावर चढले, तिथून पडद्यावर. शेवटी त्याने मानेला धरलं आणि मला गोणीत टाकलं. आत तांदळाचा जुना वास होता. वरून सुतळी आवळली जाऊ लागली. शाहीद पुटपुटत होता, "माफ कर शक्कू, अम्मीचा हुकूम आहे." मित्रांनो, मी तेव्हा ओरडले नाही. कोणाला हाक मारायची, हेच मला कळेनासं झालं होतं.

तेवढ्यात फरशीवर अनवाणी पावलं वाजली. सुतळी ओढणारा हात थांबला.

"नाही," असा घोगरा आवाज आला.

आवाज माहनूरचा होता. ती पलंगावरून उठून दारापर्यंत आली होती. शाहीदचं मनगट तिने घट्ट धरलं होतं. गोणीच्या विणीतून मला तिचा सुजलेला गाल दिसत होता.

"अगं, बोलू नकोस!" अम्मी धावत आल्या.

"शक्कूने... नाही... खाल्लं."

"मग कोणी खाल्लं?"

आता ती नाव घेणार, असं मला वाटलं. अब्बांनाही तेच वाटलं असणार. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. माहनूरने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जबडा एक बोटभर उघडून, एकेक शब्द बाहेर काढत ती म्हणाली, "अम्मी... अब्बांचा पाय... बघा. आत्ता. डॉक्टरकडे... न्या."

तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची बारीक धार आली.

अम्मी आधी सुनेकडे, मग नवऱ्याकडे बघत राहिल्या. अब्बा हळूच खाली जमिनीवर बसले. "सोड तिला, शाहीद," ते म्हणाले. "गोणीत घालायचंच तर मला घाल. खीर मी खाल्ली, आईस्क्रीम पण मीच."

अम्मी रडल्या नाहीत. त्या खाली बसल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या पायाची पट्टी सोडायला घेतली. अंगठा पाहिला आणि त्यांचे हात थांबले. "या अल्लाह," एवढंच त्या म्हणाल्या. "मी मांजरीवर पाळत ठेवली, आणि तुमच्या पायाकडे बघायचं सोडून दिलं."

शाहीद त्या दुपारी मोटरसायकल घेऊन गेलाच नाही. त्याने रिक्षा बोलावली. अब्बा, अम्मी आणि शाहीद इस्पितळात गेले. घरात मी आणि माहनूर उरलो. ती कापसाची घडी दाढेच्या जागी दाबून पलंगावर बसली होती. मी गोणीतून बाहेर आले आणि तिच्यापासून जरा लांब बसले. ती मला घाबरत होती, मी तिला. असं कितीतरी वेळ आम्ही बसून राहिलो.

अब्बांची साखर भलतीच वाढली होती. जखम चिघळली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अंगठा वाचला नसता. त्यांना तिथेच ठेवून घेतलं, जखम साफ केली, इन्सुलिन सुरू झालं. अंगठा वाचला, फक्त नख कायमचं गेलं. माहनूरचा मात्र टाका उसवला होता. डॉक्टरीणबाई रागावल्या आणि नवा टाका घातला. तिची सूज उतरायला आणखी बरेच दिवस लागले.

अब्बा घरी आल्यावर अम्मींनी दोघा आजाऱ्यांसाठी एकच जेवण केलं, बिनसाखरेची, कोमट, मऊ भाताची पेज. सासरे आणि सून समोरासमोर बसून तोंडं वाकडी करत ती खात. एकदा अब्बा म्हणाले, "बेटा, त्या दिवशी तू माझं नाव घेतलं नाहीस." माहनूर अडखळत म्हणाली, "नाव घेतलं असतं, तर सगळे चोरीबद्दल बोलले असते. पायाबद्दल कोणी बोललं नसतं."

अब्बांनी बरं झाल्यावर मला बांगड्याचं डोकं आणून दिलं. मी ते खाल्लं, पण त्यांच्या मांडीवर काही बसले नाही. खोटं कशाला सांगू? त्यांच्या हाताचा मला आजही जरासा संशय येतो. ते रागावत नाहीत. डोकं ठेवतात आणि मी खाईपर्यंत लांब जाऊन उभे राहतात.

आता मी खरंच म्हातारी झाले आहे. माझे दात पडले आहेत. काटे सोसत नाहीत. माहनूर मासळीतले काटे काढते, भातात कुस्करते आणि ताटली माझ्यापुढे सरकवून हात चटकन मागे घेते. तिची भीती अजून गेलेली नाही. तरी ती रोज येते.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या घरात कोणी आजारी असेल, कोणी म्हातारं असेल, कोणी नवं आलेलं असेल, किंवा माझ्यासारखं मुकं जनावर असेल, तर त्यांचं गप्प राहणं म्हणजे कबुली समजू नका. त्यांच्या जवळ जा, नीट बघा, वाट बघा. संशय घ्यायचाच असेल, तर आधी स्वतःच्या घाईचा घ्या. गोणीची सुतळी आवळायला क्षणही लागत नाही. आत काय दडपलं गेलं, ते बाहेरून कोणालाच दिसत नाही.