काळ्या पट्ट्याची ठिकरी

मित्रांनो, मी एक जुनी ठिकरी आहे. अंगणात चौकोन आखून, लंगडी घालत तुम्ही पायाने सरकवता ना, तसला खापराचा तुकडा. माझ्या कडेला डांबराचा काळा पट्टा आहे. तो घासून बघू नका. निघत नाही, आणि आता तो निघावा असे मला वाटतही नाही.

पूर्वी मी मडके होते. कोल्हापुरातल्या एका कुंभाराने मला घडवले. स्वातंत्र्य मिळाल्याच्या पुढच्या वर्षी पिराजी शिपायाने आम्हा दोन भावंडांना आपल्या गावच्या शाळेत आणले. भावाला व्हरांड्यात तिवई मिळाली, वर पितळी झाकण मिळाले. मला मागे चिंचेखाली तीन विटांवर बसवले. माझ्या गळ्याभोवती डांबराचा पट्टा ओढत पिराजी म्हणाला, "अदलाबदल नगं व्हायला. ह्ये त्यांचं."

'त्यांचं' म्हणजे गावकुसाबाहेरच्या वस्तीवरून येणाऱ्या चार मुलांचे. त्यांनी शिवलेले पाणी बाकीच्यांना चालत नसे. त्या चौघांत बना सर्वांत लहान. पाणी पिऊन झाले की ओला हात ती माझ्या पोटावरून फिरवी. माझे पाणी भावाच्या पाण्याइतकेच गार होते, मित्रांनो. कोणी चाखून पाहिले नाही एवढेच.

दोन वर्षांनी साहेब तपासणीला आले आणि वेगळे मडके चालणार नाही, असे लिहून गेले. शाळेने हुकूम पाळला. मला अडगळीच्या खोलीत उपडे घातले. भावाला हात लावायची परवानगी मात्र बनाला मिळाली नाही. पिराजी लांबून, वरून तांब्याची धार धरी. निम्मे पाणी तिच्या कोपरावरून खाली जाई.

वर्षभर मी कोळिष्टकांत पडून होते. मला फार राग येई.

मग शाळेत श्यामलाबाई आल्या. स्नेहसंमेलनासाठी त्यांनी 'देशोदेशींचे सण' असा विषय काढला. चौथीच्या मुलींच्या वाट्याला मेक्सिको आला. "तिकडे नाताळात मडक्याला रंगीत कागदाची सात शिंगं लावून टांगतात," बाईंनी सांगितले. "त्याला पिन्याटा म्हणतात. डोळे बांधलेलं मूल काठीनं ते फोडतं. खाऊ खाली पडला की तो सगळ्यांचा. जी मडकं आणील, पहिली काठी तिची."

शाळा कमिटीवरच्या गणपतरावांची तानू ऐटीत घरी गेली आणि तोंड पाडून परत आली. आई म्हणाली होती, "धड मडकं फोडाया? घरात कोण मेलंय व्हय गं?" कुणाच्याच घरून मडके येईना.

बनाला माहीत होते मडके कुठे आहे ते. तिने मला अडगळीतून ओढून काढले, नदीवर नेऊन घासले. "मी आणलंय, बाई. पयली काठी माझी."

बाई नव्या होत्या, पट्टा कशाचा ते त्यांना ठाऊक नव्हते; इतरांनी शाळेचे मडके म्हणून चालवून घेतले. चार दिवस बना खळ लावून माझ्या अंगावर पतंगाचा कागद चिकटवत होती आणि गुणगुणत होती:

माझ्या मडक्याला बाई, लावते गं सात शिंगं,
एका एका शिंगाला न्यारा न्यारा गं रंग.

पट्टा कागदाखाली झाकला गेला. मुलींनी माझ्यात बत्तासे, रेवड्या, गुळाचे खडे भरले. खाऊ भरायला बनाला कोणी बोलावले नाही. तरी ती खूश होती. तिला काठी मिळणार होती.

संमेलनाच्या दिवशी मला चिंचेच्या फांदीला टांगले. बनाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. तेवढ्यात दोर काचून गळ्यावरचा कागद फाटला.

"अगं बया!" तानू ओरडली. "बाई, ह्ये त्यांचं मडकं हाय!"

पुढच्या खुर्चीवरून गणपतराव उठले. "बाई, मुद्दाम केलासा काय? आमची पोरं ह्यातलं खाणार न्हाईत. त्या पोरीच्या हातातली काठी काढून घ्या आदी."

पदराचे टोक बोटाला गुंडाळत श्यामलाबाई जमिनीकडे बघत राहिल्या. गणपतरावांचा मला राग नाही आला तेवढा बाईंचा आला. 'सगळ्यांचा' हा शब्द त्यांचाच होता.

पिराजी काठी घ्यायला पुढे झाला. "टाक ती, पोरी."

"माझी पाळी हाय," बना म्हणाली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून तिने फटका मारला.

मी फुटले. बत्तासे उधळले. एक पाऊल हलले नाही.

"फुटलं का?" पट्टीआडून बनाने विचारले. तिने पट्टी सोडली, खाली पाहिले, भोवती पाहिले. मग एकेक बत्तासा फुंकून परकराच्या ओच्यात भरला. "बरं झालं," ती मोठ्याने म्हणाली, "वस्तीवरच्या पोरास्नी पुरंल." शेवटी तिने मला उचलले, पट्ट्याकडचा तुकडा.

दगडावर घासून तिने माझी ठिकरी केली. मित्रांनो, माझ्यासारखी ठिकरी त्या शाळेत नव्हती. टाकावी तिथे बसे. बना वस्तीवरच्या पोरींबरोबर मैदानाच्या कडेला खेळे आणि जिंकत राही. तानू लांबून बघे. तिची ठिकरी दर डावाला रेघेवर पडे आणि ती बाद होई.

वर्षभराने एका दुपारी ती जवळ आली. "बने, तुझी ठिकरी दे की एक डाव."

"कशाची हाय, म्हाईत हाय न्हवं?"

तानूने मान डोलावली.

"घे," बनाने तळहातावर मला पुढे केले. "पर काळा पट्टा वर ठिवून टाकायची. समद्यांना दिसंल अशी."

तानूने मागे वळून पाहिले. मैत्रिणी बघत होत्या. मग तिने मला उचलले. पट्टा वर ठेवून तिने मला फेकले आणि मी मुद्दाम रेघेवर पडले.

"मेलीस!" बना खदखदून हसली. "आता माझी पाळी."

मित्रांनो, मला जपून ठेवा असे मी म्हणत नाही. तुमच्या शाळेत पाण्याची मडकी किती आहेत, तेवढी पाहून या. दोन असतील तर विचारा, दोन कशाला. आणि विचारल्यावर जमिनीकडे बघू नका.