मागचा ठोकळा

डोक्यात एकदा भुंगा शिरला की मला अन्न गोड लागत नाही. घरात मला म्हणतातच "काळजीवाहू". नाव सासऱ्यांनी ठेवलंय, आणि मी घरजावई. म्हणजे ठेवलेलं नाव गपगुमान घ्यायचं. बरं, कंपनीत गेलो तरी सुटका नाही. तिथे मी रसायनांच्या गोदामाचा स्टोअरकीपर आणि सासरे यार्डाचे मुकादम. जे जे जड असेल ते कुठे आणि कसं ठेवायचं, यात त्यांचा शब्द शेवटचा.

या खेपेचा भुंगा एका कंटेनरचा होता. जहाजावर असतो तसलाच लोखंडी कंटेनर, पण आतून बदलून घेतलेला. फरशीच्या जागी जाळी आणि जाळीखाली लोखंडी हौद. जाळीवर कॉस्टिक सोड्याच्या जळजळीत द्रावणाच्या टाक्या ठेवायच्या. एखादी गळली तर द्रावण हौदात पडावं आणि दाराच्या उंबरठ्याबाहेर थेंबही जाऊ नये, अशी सगळी रचना. सगळ्यात मोठी टाकी पूर्ण रिकामी झाली तरी हौदात मावली पाहिजे, असा नियम आहे. मावतही होती, फक्त कंटेनर सपाट असला तर.

सासऱ्यांनी तो सपाट ठेवलाच नव्हता. क्रेनने खाली सोडताना त्यांनी मागच्या बाजूला लाकडाचा एक जाड ठोकळा सरकवून घेतला. यार्डातला प्रत्येक कंटेनर ते असाच बसवतात, मागून उचललेला आणि दाराकडे उतरता. छतावर पाणी साचलं की पत्रा गंजतो, उतार दिला की पाणी निघून जातं. त्यांनी बसवलेला एकही कंटेनर वरून सडलेला नाही, खोटं कशाला बोलू? पण त्या सगळ्या कंटेनरांत दोरखंड, फावडी आणि मोडक्या खुर्च्या होत्या. हौद कुठल्याच पोटात नव्हता.

टाक्या आत लावून झाल्या आणि मी उंबरठ्यापाशी बसून झाकणं तपासत होतो. खिशातली गोल पेन्सिल पडली. ती कडेच्या पट्टीवरून घरंगळत आली, उंबरठ्याला टेकली आणि तिथेच थांबली. मी तिच्याकडे बघत बसलो. भांडं तिरकं धरलं की अर्धंच भरतं. मग हा हौद किती भरणार?

दारासमोरून पावसाच्या पाण्याची उघडी नाली जाते. कुंपणाखालून ती पलीकडच्या तळ्याला मिळते. त्या तळ्याकाठी माझ्या बायकोची रोपवाटिका आहे. एकेक पिशवी तिने स्वतःच्या हातांनी भरलीय, आणि त्या तळ्याशिवाय तिच्याकडे दुसरं पाणी नाही. कॉस्टिक तळ्यात गेलं असतं तर तिने एका सकाळच्या शिंपणात सगळी रोपं आपल्याच हाताने जाळली असती.

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. काढला म्हणजे काय, ताटाकडे बघत पुटपुटलो.

"बाबा, त्या नव्या कंटेनरला उतार जरा जास्त झालाय का?"

"जावईबापू, उतार आहे म्हणून पत्रा टिकतो."

"नाही, म्हणजे खाली हौद आहे ना, तर..."

"हौदाला काय धाड भरलीय? तुम्ही टाक्या मोजा, लोखंडाचं मी बघतो."

संपला विषय. मी पाणी प्यायलो. आत जाऊन बायकोला सगळं सांगितलं, तर ती माझ्यावरच उखडली.

"मग स्पष्ट का नाही बोललास?"

"तुझे वडील आहेत."

"आणि तळं माझं आहे."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुकादमांना विचारा ना, तुमच्या घरचेच आहेत." इकडे आड, तिकडे विहीर. मी दिवसभर त्या कंटेनरभोवती घिरट्या घालत राहिलो. दार उघडायचं, वाकून बघायचं, बंद करायचं. हौद कोरडा असायचा आणि मला मात्र घाम फुटायचा. हमाल हसायला लागले होते. आत बायको ठेवलीय का, असंही एकाने विचारलं.

आणि एका सकाळी दार उघडलं तर जाळीखाली काहीतरी चकाकत होतं.

मधल्या टाकीच्या तोटीचा वायसर गेला होता. तोटी आवळायला गेलो तर धार आणखी वाढली. टाकी अजून निम्मी भरलेली होती. हौदाची मागची बाजू कोरडी ठणठणीत, आणि दाराशी द्रावण उंबरठ्याच्या बोटभर खाली. उपसायचा पंप यायला दुपार होणार होती. मी पहिला फोन बायकोला केला.

"नालीचं तोंड बुजव. आत्ताच्या आत्ता. हातमोजे घाल आणि पाण्याला शिवू नकोस."

"आलं का?" तिने एवढंच विचारलं.

"येतंय."

तोवर सासरे धावत आले. त्यांनी वाकून आधी मागे बघितलं, मग पुढे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग ओरडले, "मागे जॅक लावा! ठोकळा काढा!"

माणसं मागे पळाली. एक जण जॅक टेकवायला वाकलासुद्धा.

"थांबा!" मी किंचाळलो. "ठोकळा काढायला आधी मागचं आणखी उचलावं लागेल! सगळं दारातून बाहेर येईल! बाबा, पुढून उचला, पुढून!"

यार्डात त्यांच्यावर आजवर कोणी आवाज चढवला नव्हता. मला हसणारा तो हमाल तोंड उघडं ठेवून बघत राहिला. सासरे क्षणभर माझ्याकडे बघत होते. मी नजर खाली घातली नाही.

"पुढून," ते म्हणाले. "दोन जॅक आणा. डावा मी घेतो. उजवा?"

दारापाशी कोणी यायला तयार नव्हतं. त्यांचं तरी काय चुकलं?

"उजवा मी," मी म्हणालो.

गमबूट, हातमोजे, चष्मे चढवले आणि दोन कोपऱ्यांना दोघं बसलो. दोन्ही जॅक बरोबरीने चढायला हवे होते. एक बाजू पुढे गेली असती तर सगळं दुसऱ्या कोपऱ्यातून सांडलं असतं.

"दाब रे," सासरे म्हणाले. "थांब. आता दाब. घाई नको."

उंबरठ्यावरून बारीक धार सुटलीच. ती माझ्या बुटाजवळून नालीत उतरली. दिसायला अगदी पाण्यासारखी, हीच त्या कॉस्टिकची लबाडी. मी दांडा दाबत होतो आणि डोळ्यांसमोर फक्त बायकोची झारी होती. धार जाड झाली, मग बारीक झाली, मग तुटली. आत द्रावण हळूहळू मागे सरकलं. माणसांनी पुढच्या कोपऱ्यांखाली लाकडं सरकवली आणि सासऱ्यांनी जॅक सोडला.

मग ते उठले आणि नालीच्या कडेने चालू लागले. मी मागोमाग निघालो.

कुंपणापलीकडे बायको नालीत उभी होती, गुडघ्यांपर्यंत चिखलाने माखलेली. कुंड्यांची सगळी माती तिने नालीत ओतली होती. माती संपली तेव्हा रोपांच्या पिशव्याच उचलून टाकल्या होत्या आणि पायांनी तुडवून दाबल्या होत्या. कोवळे शेंडे चिखलातून वर डोकावत होते. बांधाच्या अलीकडे ओल होती. पलीकडे, तळ्याच्या बाजूला, नाली कोरडी होती.

सासरे त्या शेंड्यांकडे बघत राहिले.

"कुठली होती?"

"पहिल्या रांगेतली. सगळ्यात जुनी."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"याने सांगितलं होतं की. जेवताना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला त्यांची कीव आली आणि स्वतःचा रागही आला.

"हळू सांगितलं होतं," मी म्हणालो.

कंटेनर आता सपाट आहे. मागचा ठोकळा जागचा हललेला नाही, पुढे त्याला जोड आली एवढंच. छतावर मात्र पाणी साचतं. पाऊस थांबला की सासरे शिडी लावून वर चढतात आणि खराट्याने पाणी लोटून देतात. दुसऱ्या कोणाला चढू देत नाहीत. मी खाली शिडी धरून उभा असतो आणि पडाल, पडाल म्हणून ओरडत असतो, चांगला मोठ्याने.

खाली उतरले की ते माझ्या खिशातली गोल पेन्सिल काढून घेतात आणि कडेच्या पट्टीवर ठेवतात. मग आम्ही दोघं वाकून ती हलते का ते बघत राहतो.