डावीकडे मारणारी रायफल

मार्चमध्ये दारातला बर्फ उपसता उपसता डल्सीचा नवरा हेडली गेला, आणि सप्टेंबरमध्ये मूसच्या शिकारीचा परवाना नेहमीसारखा दोघांच्या नावानं घरी आला. न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर घोड्याएवढं ते हरीण पाडलं की हिवाळ्याची बेगमी झाली. डल्सीनं पाकीट फोडलं, वाचलं आणि चहाचं आधण ठेवलं. रडू आलं नाही. हेडलीला पुरलं तेव्हाही आलं नव्हतं. शेजारणी तिला धीराची म्हणत. दातांच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल बधिर होतो, तसं तिचं सगळं अंग झालं होतं.

संध्याकाळी दीर आला, एल्डन. बूट न काढता दारातच उभा राहिला.

"हेडलीची रायफल मला देऊन टाक, डल्सी. डबडं झालंय नुसतं. तुझ्या कपाटाची तेवढीच जागा मोकळी होईल."

"डबडं आहे तर तुला कशाला हवंय?"

"भावाची आठवण गं."

"आधी दाखवून तर आणते कुणाला."

गावात बंदुकांचं ज्याला कळायचं असा एकच माणूस होता, अँब्रोजकाका. दुसऱ्या दिवशी डल्सी त्याच्या शेडमध्ये गेली. म्हाताऱ्यानं रायफल हातात घेतली, उलटीपालटी केली आणि नाक मुरडलं. लढाईतली थ्री-नॉट-थ्री. पुढचं सगळं लाकूड कापून टाकलेलं, नळी वीतभर तोकडी केलेली, दस्ता घासूनपुसून वार्निश मारलेला.

"कुणाचा हा उद्योग?"

"सासऱ्यांचा. लढाईनंतर फौजेनं स्वस्तात काढल्या तेव्हा घेतली, आणि स्वयंपाकघरातच करवत लावली."

"अख्खी ठेवली असती तर शहरातले शौकीन आज दारात उभे राहिले असते, पोरी. आता ते हिच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. बोल्टवरचा नंबरही दुसऱ्याच रायफलचा."

"म्हणजे किंमत काय?"

"गाडीचे दोन बर्फातले टायर येतील. तेही वापरलेले."

डल्सीनं मान हलवली. लाखाची म्हणाला असता तरी तिनं तशीच हलवली असती.

"बार काढायला धोका नाही ना?"

"ते वेगळं. किंमत नसली म्हणून निकामी होत नाही कुणी. माझ्याकडेच बघ."

त्यानं नळीत दिवा धरून पाहिलं. थोडा गंज होता, पण आतले आटे शाबूत होते. मग मापाचा पोलादी तुकडा आत सरकवून बोल्ट लावून बघितला; फार झिजलेल्या रायफलीतच तो त्यावर मिटतो. बोल्ट मिटला नाही, म्हणजे झीज बेतातच होती. दोघं खडीच्या खाणीत गेले. पहिला बार अँब्रोजनं रायफल जुन्या टायरला बांधून, लांबून दोरी ओढून काढला. रिकामी पुंगळी उचलून बोटांत फिरवली. कुठे तडा नव्हता, फुगवटा नव्हता.

"ठीक आहे. आता तू मार."

डल्सीला नेम येत होता. तिनं लागोपाठ तीन गोळ्या झाडल्या. फळीवर तिन्ही एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, पण मध्यापासून चांगल्या दोन वीत डावीकडे.

"हेडली तर कधी चुकला नाही," ती म्हणाली.

"चुकेल कसा? डावीकडे मारते हे त्याला ठाऊक असणार. जन्मभर उजवीकडे नेम धरला असेल बेट्यानं. पाच मिनिटांचं काम, पण आणली नाही कधी माझ्याकडे. चार शब्द ऐकावे लागले असते ना!"

इतकी वर्षं बरोबर रानात जाऊनही डल्सीला हे माहीत नव्हतं.

"करू सरळ?" अँब्रोजनं विचारलं. "का राहू दे, त्याची होती तशी?"

डल्सी बराच वेळ नळीच्या टोकाकडे बघत राहिली. आपल्या आत काही हलतंय का, याची वाट पाहत. काही हललं नाही.

"करा सरळ. त्याच्यासारखा नेम आता कोण धरणार?"

पितळी खिळ्यानं ठोकून त्यानं नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी जराशी डावीकडे सरकवली. पुढची गोळी मधोमध गेली.

एल्डनला तिनं सांगितलं, "रायफल द्यायची नाही. शिकारीला मी जाणारे. तुला मांस हवं असेल तर ओझी वाहायला ये."

"तू मारणार?"

"मग काय, तू? गेल्या वर्षी झाडाच्या बुंध्याला मारलीस."

ऑक्टोबरात, दलदलीच्या कडेला, एक तरणा नर झुडपांतून बाहेर आला. डल्सीनं सरळ खांद्यामागे नेम धरला आणि चाप ओढला. तो चार पावलं चालला आणि बसला. एल्डननं आरोळी ठोकली, तिच्या पाठीवर थाप मारली. तिनं रायफल रिकामी केली, झाडाला टेकवली आणि सुरा मागितला.

पोट फाडून तिनं कोपरापर्यंत हात आत घातले. आतडी मोकळी करून झाली, तरी हात बाहेर काढले नाहीत. थंड हवेत वाफ तिच्या तोंडावर येत होती.

"काय झालं गं?" एल्डननं घाबरून विचारलं. "कापलं का?"

"नाही," डल्सी म्हणाली. "गरम आहे."

तिचे खांदे हलायला लागले तेव्हा तो पुढे आला नाही. टोपी काढून तिथेच ओल्या गवतात बसून राहिला.