दुसरं दुपटं

मित्रांनो, मी एक जुनं दुपटं आहे, इंझोरीच्या एका भाजीपाला पिकवणाऱ्या घरातलं. बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं कापड आणायचं नाही, असा त्या घरचा रिवाज. म्हणून हौसाबाईंनी आपल्या मऊ लुगड्यातून दोन दुपटी शिवली. मी दुसरं. मी जरा चौकस आहे. पहिलं बाळासाठी, मग मी कोणासाठी, हे मला कळेना.

झालं होतं असं, की त्यांच्या सुनेचं, सुचिताचं, पोट सहाव्या महिन्यातच आठव्यासारखं दिसू लागलं. सुरुवातीच्या सोनोग्राफीत एकच बाळ होतं, पण हौसाबाईंनी ते मानलंच नाही. एक दुसऱ्याच्या मागं लपलं असंल, असं त्या वांगी तोडताना सगळ्यांना सांगत. सुचिताला धाप लागे, आडवं होता येईना. जुळ्यांत असंच होतं म्हणून सगळे निर्धास्त होते. मीही खुशीत होतं.

एका दुपारी सुचितानं मला घडी घालून बाजूला ठेवलं आणि सासूला म्हणाली, "आई, मले एकच लेकरू हालताना समजते. श्वास पुरून नाही राह्यला. मले दवाखान्यात न्या."

तिचा नवरा पवन लगेच दोघींना मंगरूळपीरला घेऊन गेला. पिशवीत मीही होतं. तिथल्या सोनोग्राफीतही बाळ एकच निघालं. त्याला पोसणाऱ्या वारेत एक गाठ वाढली होती. ती कर्करोगाची नव्हती, नुसती रक्तवाहिन्यांची होती. पण मोठी असल्यानं बाळाच्या हृदयावर ताण पडत होता आणि भोवतीचं पाणी फार वाढलं होतं.

"काहून झाली जी? आमचं काही चुकलं काय?" हौसाबाईंनी विचारलं.

कोणाचंच चुकलं नाही, अशी गाठ आपोआप होते, लहान असली तर बहुधा कळतही नाही, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं आणि तातडीनं अकोल्याला पाठवलं.

तिथं थोडं पाणी काढलं, तरी बाळ वेळेआधीच आलं. मुलगी होती, अगदी इवलीशी. तिला उबदार पेटीत ठेवलं. हौसाबाईंनी मला पिशवीच्या तळाशी कोंबलं. मला फार वाईट वाटलं. मुलगी जगेल का, हेही कोणी सांगत नव्हतं.

ती जगली. पेटीतून बाहेर काढली त्या दिवशी एका दुपट्यात तिला ऊब पुरेना. परिचारिकेनं आणखी एक मागितलं. हौसाबाईंनी मला बाहेर काढलं, झटकलं आणि हळूच म्हणाल्या, "हे बी हिचंच हाय."

आता तीच मुलगी, रुचिका, मला अंगणभर ओढत फिरते. मी विरलं आहे, पण मला माझं उत्तर मिळालं. मित्रांनो, दुपटी हवी तेवढी शिवा. पण त्याआधी, पोटुशी बाई स्वतःला काय जाणवतं हे सांगते, ते नीट ऐका.