शंभर उकडलेली अंडी

सायकलच्या टोपलीत पन्नास उकडलेली अंडी घेऊन समुद्रकिनाऱ्याने हिंडणं ही वनिदाच्या मते सुट्टी नव्हती, शिक्षा होती. उरलेली पन्नास लमाईच्या टोपलीत होती आणि लमाई इतकी सावकाश चालवत होती, की मगाशी एक म्हातारी पायी चालत दोघींना मागे टाकून गेली.

ठरलं होतं ते वेगळंच. दोघी थायलंडमधल्या साराबुरीच्या एकाच शाळेत सत्तावीस वर्षं शिकवत आलेल्या, वनिदा गणित आणि लमाई संगीत. डिसेंबरात जोडून सुट्टी आली, तेव्हा चंथाबुरीच्या किनाऱ्याला जायचं, भाड्याने सायकली घ्यायच्या आणि मनाला येईल तिथे थांबत दिवस घालवायचा, ही कल्पना वनिदाची. अटही तिचीच. सोमवारचं नाव काढायचं नाही. सोमवारी सकाळी तिच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट मिळणार होता. दहा दिवसांपूर्वी इस्पितळात सुई घालून तुकडा काढला होता आणि तेव्हापासून तिच्या घशाखाली घास धड उतरत नव्हता. लमाई बरोबर येते म्हणाली, तर हिने साफ नाही म्हणून सांगितलं. एकटी जाईन, एकटी ऐकेन, मला फक्त त्याआधीचा एक दिवस मोकळा दे.

लमाईने दिवस दिला आणि त्यात शंभर अंडी घातली.

सकाळी वनिदा उठली तर शेजारची गादी रिकामी. बाईसाहेब सापडल्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात, मालकिणीच्या सगळ्यात मोठ्या पातेल्याशेजारी घामाने निथळत. नवस फेडायचाय म्हणाली. अठरा किलोमीटरवर टेकडीच्या पायथ्याला समुद्रदेवीचं ठाणं आहे, तिला शंभर अंडी बोलली होती, भाच्याला सैन्यभरतीच्या सोडतीत काळी चिठ्ठी निघावी म्हणून. काळी निघाली की पोरगा सुटला, लाल निघाली की दोन वर्षं बराकीत. आता ही सोडत होते एप्रिलात, आणि भाच्याची काळी चिठ्ठी एप्रिलातच निघाली होती. मग डिसेंबरपर्यंत देवीला उपाशी का ठेवलंस, असं वनिदाने विचारलं. राहून गेलं, एवढंच बोलून लमाई पुन्हा अंडी मोजायला लागली.

तडकलेलं अंडं देवीला चालत नाही. त्यामुळे प्रत्येक गतिरोधकाला लमाई खाली उतरायची, सायकल हाताने पलीकडे न्यायची आणि मग मागे वळून वनिदालाही उतरायला लावायची. या रस्त्यावर गतिरोधक घालणाऱ्याला वनिदाने मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या. अंड्यांना ऊन लागू नये म्हणून वर ओला टॉवेल घातला होता, तोही वनिदाचा. खेकड्याच्या शेवयांची टपरी आली, तिथे थांबू म्हटलं तर आधी नवस. सुरूच्या सावलीत दहा मिनिटं पाय पसरू म्हटलं तरी आधी नवस. डाव्या हाताला एवढा निळा समुद्र पसरलेला, पण वनिदाची नजर आपली टोपलीवर.

"अंडीच का बोललीस?" तिने शेवटी विचारलं. "फुलांची माळ बोलायची होतीस. वजनाला हलकी असते."

"तिला अंडी आवडतात."

"तुला ती सांगायला आली होती?"

"सगळे अंडीच आणतात तिला. आवडत नसती तर एव्हाना बोलली असती ती."

सत्तावीस वर्षांत वनिदाला लमाईच्या युक्तिवादावर कधी उत्तर सापडलेलं नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त राग यायचा.

बारा वाजता ठाणं आलं. लमाईने अंडी ताटांत रचून एकटीने पायऱ्यांवरून वर नेली आणि वनिदाला खाली झाडाखाली बसायला बजावलं. तू दमलीयस, तू येऊ नकोस. पण ती उदबत्त्या आणि काडेपेटी सायकलवरच विसरून गेली, हेही नेहमीचंच. चरफडत वनिदा त्या घेऊन पायऱ्या चढली. लमाई उदबत्त्यांविनाच डोळे मिटून, हात जोडून सुरू झाली होती. देवीची माणसात गफलत होऊ नये म्हणून नवसाच्या माणसाचं नाव, आडनाव, जन्मतारीख, घर नंबर, सगळं तिला नीट सांगावं लागतं.

"वनिदा सुखप्रासोंग," लमाई सांगत होती. "जन्म चौदा मार्च. राहणार घर नंबर सत्तेचाळीस."

वनिदा तिथेच पायरीवर बसली. नवस आधी बोलायचा आणि काम झालं की फेडायचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लमाई फेडतेय, म्हणजे काम झालंय. लमाईची वहिनी त्याच इस्पितळात नर्स आहे. तिनेच रिपोर्ट बघून कळवलं असणार. दहा दिवसांत पहिल्यांदा वनिदाला पोटभर श्वास घेता आला, आणि तिला रडू फुटलं.

"वहिनीने सांगितलं ना तुला?" ती म्हणाली. "साधी गाठ आहे ना?"

लमाई दचकून वळली.

"नाही गं. मला काही माहीत नाही. वहिनीला मी विचारलेलंसुद्धा नाही."

"मग फेडतेयस काय?"

"आधीच देऊन टाकतेय. नुसतं कबूल केलं तर ती सवडीने बघणार. शंभर अंडी घेऊन बसल्यावर तिला नाही कसं म्हणवेल? मिंधी होईल ती."

मग वनिदाने आवाज चढवला. एक दिवस मागितला होता तुझ्याकडे, म्हणाली, फक्त एक. देवीला लाच द्यायला मला तंगडतोड करायला लावलीस, भाच्याचं खोटं सांगितलंस, आणि आत्ता मिनिटभर मला बरं करून परत आजारी केलंस. ते मिनिट मी कसं विसरू, ते सांग. शेजारी पूजा करणारं एक जोडपं उठून बाजूला गेलं.

लमाईने सगळं ऐकून घेतलं. मग टॉवेलाने तोंड पुसून म्हणाली, "तुझा दिवस तुला दिला मी. पण माझं काय? सोमवारी येऊ नको म्हणालीस. बोलू नको म्हणालीस. मी नुसती सायकल चालवायची का?"

वनिदाने उदबत्त्यांचा पुडा सोडला, रिवाजाप्रमाणे मोजून नऊ काढल्या, पेटवल्या आणि वाळूच्या कुंडीत खोचल्या. मग गुडघे टेकून लमाईच्या शेजारी बसली.

"सत्तेचाळीस नाही, चौऱ्याहत्तर," ती म्हणाली. "सत्तेचाळीसमध्ये टायरवाला राहतो. नीट सांग परत."

लमाईने पहिल्यापासून सगळं परत सांगितलं. नाव, तारीख, चौऱ्याहत्तर. या वेळी वनिदानेही हात जोडले होते. उदबत्त्या विझेपर्यंत अंडी प्रसाद म्हणून परत उचलता येत नाहीत, म्हणून दोघी तशाच बसून राहिल्या.

"मला फार भीती वाटते, लमाई," वनिदा म्हणाली. दहा दिवसांत हे तिने कुणाजवळ बोललेलं नव्हतं.

"मलापण."

"सोमवारी आठला ये. मला एकटीने नाही ऐकवणार."