सुतिक्नोचं सील

वॉरंटी संपायला अजून चौदा महिने होते. कागद माझ्या हातात होता, त्यावर कंपनीचा शिक्का होता, तरी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरपलीकडचा मास गालिह मान हलवत होता. आमच्याकडे बाईमाणसाला बू म्हणतात, पुरुषाला मास.

“बू वेनिंग, हा लॅपटॉप बाहेरच्या माणसानं उघडलाय. आत जादा मेमरी बसवलीय. मदरबोर्ड जळलाय, पण आता तो वॉरंटीत बदलून देता येणार नाही.”

“त्या मेमरीमुळे जळला का?”

“तसं नाही म्हणत मी. पण नियमच आहे. बाहेर उघडलं की वॉरंटी गेली.”

“अहो, बाहेरचा माणूस कुठला? माझा नवरा आहे तो!”

त्यानं लॅपटॉप उलटा केला. स्क्रूवर नखाएवढा पांढरा कागद चिकटवलेला, त्यावर तारीख आणि सही. सुतिक्नो.

माझा नवरा सुराबायाच्या कॉम्प्युटर बाजारात बावीस वर्षं दुरुस्त्या करत होता. तिथला रिवाजच असा, की मशीन उघडलं तर बंद करताना स्क्रूवर आपलं सील लावायचं आणि सही करायची. नाहीतर महिन्याभरानं गिऱ्हाईक येऊन म्हणतं, माझा चांगला पार्ट तुम्हीच काढून घेतलात. मग त्याला एकेक स्नायू निकामी करत जाणारा आजार झाला. आधी जीभ गेली, मग पाय. बोटंही जाणार हे कळल्यावर आम्ही हा लॅपटॉप घेतला. त्याचा कॅमेरा डोळ्यांवर नजर ठेवतो. सुतिक्नो ज्या अक्षराकडे बघेल ते उमटतं, आणि मशीन ते वाचून दाखवतं. पण ते इतकं रेंगाळायचं की ‘पाठ खाजतेय’ एवढं उमटेपर्यंत खाज मरून जायची. म्हणून बोटांत थोडा जीव होता तेव्हाच त्यानं स्वतः मेमरी बसवली. तीन तास लागले. मला हात लावू दिला नाही. आणि शेवटी स्वतःच्याच मशीनवर स्वतःचं सील! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“मास गालिह, ऐका,” मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला. “सोमवारी हे बंद पडलं. मंगळवारी मी मागे स्वयंपाकघरात सोयाबीनचं तेंपे तळत होते. त्याच्या घशात कफ अडकला. हाक कशानं मारणार? मी आले तेव्हा ओठ निळे पडले होते. आणखी एकदा तसं झालं तर तुमचा नियम येणार आहे का धावत?”

सगळी रांग आमच्याकडे बघत होती. गालिहचे कान लाल झाले. त्यानं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि आवाज खाली आणला.

“मी अजून त्या सीलचा फोटो कंपनीच्या सिस्टिमवर चढवलेला नाही, बू. मेमरी आमच्याच कंपनीची आहे. सील नसतं तर माझ्या लक्षातही आलं नसतं. उद्या या. फॉर्मवर लिहा, कधी उघडलेलं नाही. मी काही बोललो नाही, तुम्ही काही ऐकलं नाही.”

घरी येऊन मी सुतिक्नोला सगळं सांगितलं आणि अक्षरांचा पुठ्ठा समोर धरला. मी अक्षरांवरून बोट फिरवायचं, हवं तिथे त्यानं पापणी मिटायची. एका शब्दाला दम निघतो.

“नको,” असं जुळलं.

“का नको, मास?”

“सही माझी.”

“मग घेऊन बस ती सही! मंगळवारी आली होती का ती कफ काढायला? घरात धर्मराज होऊन बसलायस, आणि वनवास कोणाला? मला!”

त्यानं डोळे मिटले. दुसरा माणूस रागावला तर दार आपटून निघून जातो. ह्याच्याकडे एवढंच दार उरलंय.

त्याच्या छातीला चोळायची कायुपुतिहच्या तेलाची बाटली उशाशीच होती. चिकटलेला कागद त्यानं सुटतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी सीलवर तेल टाकलं. शाई पसरली. मी नखानं खरवडत गेले, त्याच्यासमोरच. त्या बोटांनी केलेली ती शेवटची सही होती, आणि हे मला पक्कं माहीत होतं. तरी खरवडली.

दुसऱ्या दिवशी फॉर्मवर लिहिलं, ‘लॅपटॉप कधीही उघडलेला नाही’, आणि खाली माझी सही केली. गालिहनं माझ्याकडे न बघता शिक्का मारला.

नऊ दिवस लागले. नऊ रात्री मी त्याच्या खाटेशेजारी बसून काढल्या, श्वास अडला तर कळावा म्हणून त्याच्या छातीवर हात ठेवून. दिवसा पुठ्ठा धरला की तो छताकडे बघायचा. नऊ दिवसांत एक अक्षर दिलं नाही त्यानं. मी चिडले, हात जोडले, रडले. काही उपयोग झाला नाही.

दहाव्या दिवशी नवा बोर्ड घालून लॅपटॉप आला. मी तो त्याच्यासमोर लावला. त्यानं डोळे मिटून घेतले.

“शिव्या दे, मास. हव्या तेवढ्या दे. पण काहीतरी बोल रे.”

दुपार कलली तेव्हा त्यानं डोळे उघडले. अक्षरं उमटली, आणि मशीन आपल्या त्या कोरड्या आवाजात म्हणालं, “खोटं बोललीस, दिक.”

लग्नापासून तो मला दिकच म्हणतो, म्हणजे धाकटी.

“हो,” मी म्हटलं.

त्याची नजर पुन्हा फिरायला लागली. लिहायचा, पुसायचा, परत लिहायचा. स्क्रीनकडे बघायची माझी छाती होईना. मी खाटेचा दांडा धरून बसले.

“तुझ्यावर अशी वेळ आली असती तर मीही खरवडलं असतं.”

मी त्याच्या निर्जीव तळहातावर तोंड ठेवलं आणि हंबरडा फोडला. भिंतीपलीकडून शेजारच्या बू दार्मी घाबरून ओरडल्या, “वेनिंग! अगं काय झालं? सुतिक्नो बरा आहे ना?”

मी रडतच राहिले. थोड्या वेळानं मशीननंच त्यांना उत्तर दिलं.

“काही नाही, बू. आम्ही बोलतोय.”